कासवाची पाठ

तळेगव्हाणात बातमी दोन वाटांनी फिरायची, म्हाताऱ्या झुंबरबाईच्या तोंडाने आणि निवृत्तीच्या खडूने. झुंबरबाईची वाट फार जुनी. निवृत्तीची जेमतेम वर्षभराची.

महाराष्ट्राचं नवं राज्य झाल्याला तीन-चार वर्षं लोटली होती. गावात नवी पंचायत आली, आणि पंचायतीबरोबर चावडीच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा आला. त्यावर रोज गावच्या बातम्या लिहायच्या, असं सरपंच किसनरावांनी ठरवलं. अक्षर सुरेख म्हणून काम निवृत्तीकडे आलं. सातवी पास होऊनही त्याला मास्तरकी मिळाली नव्हती, आणि घरच्या दोन-चार एकरांत ते अक्षर कुजत पडलं होतं. फळा मिळाल्यापासून तो सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून चावडीवर जायचा. त्याची बायको कौसल्याबाई म्हणायची, “लग्नात बी इतके टापटीप नव्हते तुमी.”

अडचण एवढीच होती की फळ्यावरची बातमी नेहमी शिळी असायची. तळ्यावर करकोचे उतरले, हे निवृत्तीने वळणदार अक्षरात लिहिलं, तोवर त्यांनी कोणाच्या हरभऱ्यात चोची घातल्या तेही झुंबरबाईने घरोघर सांगून झालं होतं. शिंगाडे पिकले, धाड गावच्या बाजारात ज्वारी उतरली, एस.टी. आता फाट्यापर्यंत येणार, सगळ्यात म्हातारी पुढे. लोक फळ्यासमोरून जाताना मान वर करून पाहायचे आणि म्हणायचे, “हे तं परवाच समजलं.”

मार्गशीर्षात किसनरावांनी त्याला बोलावलं.

“निवृत्ती, शाळेले फळा पाहिजे म्हनते. पोरं जमिनीवर अक्षरं गिरवून राह्यले. अन् आपला फळा वाचते कोन? तूच लिहितं अन् तूच वाचतं.”

“सरपंच, जरा दम धरा.”

“पौष लागला का मीटिंग घेऊ. तोवर लोकायले फळ्याचं काही काम पडलं तं ठेवू. नाही तं शाळेत.”

निवृत्ती घरी आला तो जेवलाच नाही. फळा गेला तर पुन्हा सकाळी उठून करायचं काय, हे त्याला सुचेना. झुंबरबाईला ठाऊक नसलेली एक तरी बातमी हवी होती. आणि त्या दिवसांत सगळ्या गावाचं लक्ष एकाच बातमीकडे लागलेलं असायचं: कासव कधी वर येणार?

हे कासव म्हणजे तळ्यातला एक काळा खडक. पावसाळ्यात तो बुडायचा. हिवाळ्यात पाणी मागे सरकलं की एक दिवस त्याची गोल पाठ बाहेर यायची. तेवढं पाणी उतरलं म्हणजे काठचा गाळ मोकळा झाला, असा गावचा हिशेब. त्या गाळात टरबूज, काकडी, डांगर लावायचं. या गाळपेरीला नांगर लागत नाही की मोट लागत नाही, गाळातली ओल वेलाला उन्हाळ्यापर्यंत पुरते. ज्याला वावराचा तुकडा नाही त्यालाही गाळात चार ओळी मिळायच्या. रीत अशी होती की कासव दिसल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी प्रत्येक घरात बी भिजत पडायचं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, मग फडक्यात बांधून चुलीजवळच्या भुशात पुरायचं. दोन-तीन दिवसांत मोड आला की सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, म्हणजे राखणही एकदाच बसते. एकदा भिजलेलं बी मात्र वाट पाहत नाही.

खडक दिसायचा फक्त तळं अडवणाऱ्या धरणाच्या टोकावरून. बाकीच्या काठाने पाणकणसाची दाट भिंत होती. निवृत्ती रोज पहाटे टोकावर जाऊन उभा राहू लागला. चार दिवस धुकं आणि पाणी यांखेरीज काही दिसलं नाही. पाचव्या पहाटे धुक्याचा पडदा जरासा हलला आणि मधोमध काळी, गोल, ओली पाठ दिसली. पाठीवर एक बगळा एका पायावर उभा होता. दर वर्षी कासवावर असाच बगळा उभा असायचा. निवृत्ती आणखी थांबला नाही. धोतराचा सोगा हातात धरून पळत चावडीवर आला, आणि धापा टाकत असतानाही एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं:

‘आज पहाटे कासवाची पाठ उघडी पडली आहे.’

त्या दिवशी फळ्यासमोर प्रथमच गर्दी झाली. कापूस वेचायला निघालेल्या बाया थांबल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्यांकडून दोनदा वाचून घेतलं. पुंजाजी म्हणून एक खवचट शेतकरी होता, तोसुद्धा म्हणाला, “शाबास बे! म्हातारीले हरवलं तुनं.”

पाहायला मात्र कोणी गेलं नाही. वावरात कापूस फुटलेला, टोक लांब, आणि फळ्यावर लिहिलेलं खोटं कसं असेल?

झुंबरबाईला ही बातमी दुसऱ्याकडून ऐकावी लागली. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पण ती अशी तशी हार जाणारी बाई नव्हती. ती तडक तळ्यापलीकडच्या वस्तीवर गेली, कारण तिथे फळा नव्हता.

“कासव निंघालं,” तिने अंगणात पाय ठेवताच सांगितलं. “मी सोता पाह्यलं. हात लावून आली.”

संध्याकाळी गावात आणि वस्तीवर घरोघर बी भिजलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती जरा उशिराच टोकावर गेला. आता घाई नव्हती, नुसतं पाहून यायचं होतं. ऊन वर येत होतं, धुकं विरत होतं. कासव जागेवर होतं. तो समाधानाने पाहत असतानाच कासवाने एक कान हलवला.

निवृत्तीने डोळे चोळले. कासवाने दुसरा कान हलवला, फुर्र करून नाकातून पाणी उडवलं, आणि उठून उभं राहिलं. बगळा उडाला. शिंगं, मान, चार पाय असं सगळं एकेक करून पाण्याबाहेर आलं, आणि पुंजाजीची म्हैस शेपटी झटकत काठाला लागली. थंडीत पहाटे तळ्याचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तिला ते कळलं होतं, आणि दावं तोडून ती आता पहाटे तिथे येऊन बसू लागली होती. खरं कासव अजून पाण्याखाली होतं.

निवृत्ती तिथेच खाली बसला. त्याला फळा दिसला, किसनराव दिसले, आणि गावभर फडक्यांत बांधलेलं, फुगत चाललेलं बी दिसलं. परत निघाला तेव्हा वाटेत झुंबरबाई भेटली. ती टोकाकडेच येत होती. हात लावलेलं कासव निदान एकदा डोळ्यांनी पाहावं, असं तिच्याही मनात आलं असावं.

“काऊन बे, तोंड काऊन उतरलं?”

त्याने सांगितलं. म्हातारीने कमरेवर हात ठेवून आधी वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

“कोनी पाह्यलं?”

“कोनीच नाही. मीच.”

“मंग चूप राह्य. पानी उतरतेच आहे. चार-आठ रोजात निंघते कासव. कोनाले काय समजते?”

“अन् बी? गाळ उघडा नाही तं लावतील कुठी, मावशी?”

“म्हैस पुंजाजीची. म्हनून टाक त्यानंच सांगतलं व्हतं.”

“पुंजाजीनं काऊन सांगतलं असतं? लिहिलं मी.”

“तुले अक्कल नाही,” झुंबरबाई म्हणाली. “अरे, बातमी चुकली का ते दुसऱ्याच्या अंगनात ढकलून द्यायची असते.”

निवृत्ती चावडीवर आला. ओलं फडकं घेऊन त्याने कालची ओळ पुसली. असाच रिकामा ठेवला तर फळा अजून हातचा जाणार नाही, असं मनाचं एक टोक सांगत होतं. मग त्याने खडू उचलला.

‘कालची बातमी चूक होती. दिसली ती म्हैस. कासव अजून पाण्यात आहे. लावणीला निघू नये. चूक माझी. – निवृत्ती’

त्या दिवशी वावरात कोणी लवकर पोहोचलं नाही. माणसं ओळ वाचायची, हसायची, मग घरचं बी आठवून शिव्या द्यायची. पुंजाजी तर चावडीच्या ओट्यावर चढून भाषणच द्यायला लागला.

“माह्या म्हशीले कासव म्हनतं? उद्या माही बायको दिसली तं काय लिहिशीन बे?”

“ते कासव नाही, वाघीन आहे,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि पुंजाजी घाईने खाली उतरला.

वस्तीवरची माणसंही आली होती. त्यातल्या एकाला झुंबरबाई कडेला सापडली. “झुंबरकाकू, तुमी तं हात लावून आल्या व्हत्या म्हने कासवाले!”

“लावला न!” म्हातारी जागच्या जागी म्हणाली. “कोमट लागलं. तवाच मले शंका आली व्हती.”

हशा पिकला. पण घरोघर फडक्यांतून पांढरे मोड डोकावत होते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. निवृत्तीने घरी येऊन कौसल्याबाईसमोर स्वतःचंच गाठोडं सोडलं.

“फेकायचं?”

“काऊन फेकायचं?” ती म्हणाली. “पळसाची पानं आना. द्रोन करू, गाळमाती भरू, एकेक बी टोचू. गाळ उघडा पडला का द्रोनासकट पुरायचं. पान सडून जाते, मूळ हालत नाही.”

“असं कोनी करते?”

“कोनी म्हशीले कासव म्हनते का?”

निवृत्ती पळस तोडायला गेला. येताना फळ्यावर तीन ओळींत द्रोणाची कृती लिहून आला. दुपारपर्यंत गावच्या शिवारातल्या पळसांच्या खालच्या फांद्या उघड्या पडल्या. ओट्यांवर, अंगणांत, गोठ्यांच्या छपरांवर हिरवे द्रोण मांडले गेले. सगळंच बी जगलं असं नाही. पुंजाजीने उकळतं पाणी घातलं होतं, त्याचं अर्धं बी शिजलंच. काहींचे द्रोण कोंबड्यांनी उकरले. पण बाकीच्यांतून एकेक दुपानी रोप वर येऊ लागलं. आणि रोप वर आलं की माणूस सकाळी फळ्याकडे यायचा, कारण पाणी कुठवर उतरलं हे निवृत्ती आता रोज काठावर खुंटी ठोकून पाहत होता आणि लिहीत होता, ‘काल संध्याकाळपासून वीतभर मागे’, ‘आज हललं नाही’.

पौषात मीटिंग भरली. किसनरावांनी विषय काढला. पुंजाजी म्हणाला, “देऊन टाका शाळेले. पोरं तरी म्हैस ओळखाले शिकतील.”

निवृत्ती खाली पाहत बसला होता. बायांच्या बाजूने झुंबरबाई उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही फळ्यावर शेवटची माती टाकणार.

“फळा राहू द्या,” ती म्हणाली.

“तुमी म्हनता?” किसनराव चाट पडले.

“मीच म्हनते. माही बातमी चुकली तं कोनाले धरता येत नाही, मी हातातून सुटते. आजवर किती चुकल्या, तुमाले ठाव आहे का?”

“नाही बा.”

“नाहीच राहनार! याची एक चुकली तं गावानं धरली, अन् यानं सोताले सोडवून घेतलं नाही. असं एक तरी असू द्या गावात. शाळेले दुसरा फळा घ्या, पंचाईत गरीब आहे का?”

पुंजाजीनेही मग मान डोलावली, शिजलेलं बी आठवून जरा कमीच. किसनराव हसून म्हणाले, “बरं, राह्यला फळा. पन कासवाची बातमी आता एकट्याच्या डोळ्यावर नाही. निवृत्ती, तू अन् झुंबरकाकू, दोघं मिळून जात जा.”

तेव्हापासून पहाटे दोघं धरणाच्या टोकावर दिसायची. झुंबरबाई वाटभर बोलायची. निवृत्ती ऐकायचा, आणि त्यातलं खरं किती ते विचारायचा, म्हणजे ती चिडायची.

एका सकाळी पाण्यातून काळी कड वर आलेली दिसली. दोघं थांबली. निवृत्तीने खडा मारला. तो टक्कन वाजला. झुंबरबाईने दुसरा मारला. तोही वाजला. तरी निवृत्ती ऊन पडेपर्यंत हलला नाही. उन्हात खडकावरचं शेवाळ वाळू लागलेलं दिसलं, तेव्हा तो म्हणाला, “चला, मावशी.”

म्हातारीने गावापर्यंतची प्रत्येक पायवाट आपल्या आवाजाने भरून टाकली. निवृत्ती चावडीवर पोहोचला तेव्हा फळ्यासमोर अर्धा गाव उभा होता, हातांत, डोक्यांवर, टोपल्यांत रोपांचे द्रोण घेऊन. बातमी सगळ्यांना कळलेली होती. तरी कोणी तळ्याकडे निघालं नव्हतं. त्याने खडू काढला तशी कुजबुज थांबली.

त्याने ओळ लिहिली, खाली आपलं नाव घातलं, आणि मागे सरला.

“थांब बे,” झुंबरबाई म्हणाली. “खडा मी बी मारला. माहं बी नाव काढ.”

त्याने काढलं. म्हातारी फळ्याजवळ गेली, मान वाकडी करून त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे पाहिलं, आणि लोकांकडे वळली.

“एवढुसं? मोठं काढ. मागच्यायले दिसलं पाहिजे.”