मागं चालणारे बैल

पानमळ्यात शिरताना नागप्पा पायताण बांधावर काढून ठेवत असे. त्याचे वडीलही तसंच करत. बेंबळीच्या शिवारातला हा अर्ध्या एकराचा मळा चाळीस वर्षांचा होता. जुनी वेल वाकवून मातीत पुरायची, तिलाच नवे फुटवे यायचे, असं करत बापाच्या हातची लावण अजून जिवंत होती. पण पानवेल तहान सोसत नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पाणी चुकलं की मुळातून जाते. एकोणऐंशी सालच्या त्या मे महिन्यात पाणी चुकून सहा दिवस झाले होते.

विहीर कोरडी नव्हती, इंजिनही धड होतं. डिझेल तेवढं नव्हतं.

सोसायटीच्या दारात डब्यांची रांग लागली होती. उन्हात माणूस किती उभा राहणार, म्हणून ज्यानं त्यानं आपला डबा ठेवलेला, आणि कुणी मधे घुसू नये म्हणून सगळ्या डब्यांच्या कड्यांतून एकच सुतळी ओवलेली. माणसं लिंबाखाली बसून वाद घालत. सोसायटीचे सचिव पंचाक्षरी त्यांना पेपर वाचून दाखवत. इराणात राज्य उलथलं, तिथलं तेल अडलं, म्हणून ही टंचाई. पुढं असंही लिहिलं होतं की जमिनीच्या पोटात तेल साठायला कोट्यवधी वर्षं लागली आणि माणूस ते शे-दीडशे वर्षांत संपवणार. कुणी म्हणालं, मुंबईच्या समुद्रात मोप सापडलंय, हे पेपरवाले उगी भिववतात. कुणी विजेची आशा धरून होतं. खांब दोन वर्षांपूर्वीच रोवले होते, तारा तेवढ्या यायच्या होत्या. एकानं उन्हावर इंजिन चालवायची गोष्ट काढली, तेव्हा दुसरा म्हणाला की मग आपल्या जिल्ह्याएवढा श्रीमंत कुणी नाही. सगळे हसले.

नागप्पानं विचारलं, "संपल्यावर काय, सायेब?"

"माणूस काहीतरी काढंल, आप्पा. आजवर काढतच आलाय."

"काढंल की. माझ्या वेली तवर दम धरतील का, तेवढं इचारा तुमच्या पेपरला."

घरी येऊन त्यानं मुलाला, गुरुलिंगला, मोट लावायची म्हणून सांगितलं. इंजिन येण्याआधी याच विहिरीवर मोट होती. विहिरीच्या काठापासून एक उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालले की दोराला बांधलेली मोट भरून वर येते. बैल मागं सरकत काठाशी आले की ती पुन्हा पाण्यात जाते. त्यांची मोट कधीच मोडीत गेली होती. नागप्पाच्या बायकोचं, सिद्धम्माचं माहेर ईट गावचं. तिथं एक लोखंडी मोट पडून होती. गुरुलिंगनं ती एसटीच्या टपावर टाकून आणली, पण त्याचं मन मानत नव्हतं.

"आप्पा, बैल गाडीचे हायत. ह्यांनी धाव बघितली न्हाय."

खरंच होतं ते. पुढं चालायला बैलाला कुणी शिकवावं लागत नाही. मागं चालायला शिकवावं लागतं, आणि ते पिढीजात जोड्यांकडून नवे बैल शिकत. तशी आपली जोडी नागप्पानं इंजिन आलं त्याच साली विकली होती.

दोन दिवस तो बैलांसमोर उभा राहिला. जुवाला छाती लावून रेटायचा, एक पाऊल मागं पडलं की तळहातावरचा गुळाचा खडा पुढं करायचा. बैल मान झटकत, आडवे होत, एकदा त्याच्या पायावर खूर पडला. त्यानं ना शिवी दिली ना चाबूक उचलला. पाणी चुकल्याच्या नवव्या दिवशी सकाळी दोन्ही बैल सबंध धाव मागं चढून आले.

मोट सोडली. दोर संपला आणि मोट पाण्याच्या वरच लोंबत राहिली. पाच वर्षं इंजिनानं उपसलं होतं. पाणी दोन पुरुष, दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली गेलं होतं. गुरुलिंगनं दोराला दोर जोडला. मोट बुडाली, भरली. बैल उतारावरून निघाले आणि धावेच्या शेवटाला दगडी भिंतीशी जाऊन थांबले. मोट अजून काठाच्या दोन पुरुष खाली होती. पाणी जितकं खोल, तितकी धाव लांब लागते. आणि धावेच्या खालच्या टोकाशी वाट अडवून इंजिनाची खोली उभी होती, ती भिंत तिचीच.

इंजिन चाकांच्या गाड्यावरचं होतं. विहिरीपर्यंत ओढायला धाव आयतीच रस्ता होती, म्हणून खोली तिथं बांधलेली.

"जागा तुमीच दावली व्हती, आप्पा."

"व्हय. म्याच दावली," नागप्पा म्हणाला. "म्हनलं, आता बैल कशाला येत्यात हिकडं."

गुरुलिंगनं पहार आणली. दोघांनी मिळून दाराकडची भिंत कमरेपर्यंत उतरवली असेल-नसेल, तेवढ्यात पंचाक्षरींचा निरोप आला. डिझेलचं पिंप आलं होतं, एका इंजिनाला एक डबा. गुरुलिंगनं पहार टाकली आणि तो पळतच गेला.

इंजिन सुरू झालं. दुपारपर्यंत चाललं, मग धूर सोडून बंद पडलं. मळ्याचा तिसरा हिस्साही भिजला नाही. भिजलेल्या सऱ्यांतल्याही निम्म्या वेलींनी संध्याकाळी मान वर केली नाही. बुडाशी नख लावलं तर आत हिरवं नव्हतं. नागप्पानं विहिरीत दोर सोडून बघितला. पाणी आणखी हातभर उतरलं होतं.

गुरुलिंग रिकामा डबा उचलून म्हणाला, "रांगंत ठिवून येतो. पुढला कवा येईल त्याचा नेम न्हाय. आल्यावर भीत बांधून घिऊ, न्हायतर इंजिन कुणी तरी नेईल."

"ठिवून ये," नागप्पा म्हणाला.

मुलगा सोसायटीच्या वाटेला लागला. नागप्पानं बैलांना वैरण टाकली, पहार उचलली आणि भिंतीचा पुढचा दगड सैल करायला घेतला.