खराब ठरवलेली टाईल

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी टाईल. तळहाताएवढी, पांढरी, अंगावर सहा उथळ खळगे. हल्ली माझ्यावर चहाचं गरम पातेलं टेकवतात. टेकवोत बापडे! पण चाळीस वर्षांपूर्वी पेणच्या एका सूतिकागृहात मी माणसांचे रक्तगट सांगत होते, आणि एकदाही खोटं दाखवलं नाही. तरी माझ्या कपाळी ठपका आला. कसा, ते आज सांगूनच टाकते.

आधी माझं काम समजून घ्या. तुमच्या रक्तात तांबड्या पेशी असतात आणि प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. चहात घालता ती साखर नव्हे. ही वेगवेगळ्या साखरा एकमेकींना जोडून शरीराने स्वतःच घडवलेली. टोकाला एक साखर लागली की रक्त ए, दुसरी लागली की बी, दोन्ही प्रकारची टोकं असली की एबी. टोक मोकळं राहिलं की ओ. शरीर आपल्या साखळ्या ओळखतं. परकी साखळी दिसली की ती पेशी फोडूनच टाकतं.

म्हणून रक्ताची बाटली लावण्याआधी रोग्याचं रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी आणि बाटलीतलं रक्त, असे दोन थेंब माझ्यावर एकत्र ढवळायचे. थेंब एकसारखा राहिला तर बाटली लावा. गुठळ्या झाल्या तर हात लावू नका. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बघू?

रक्त तपासणारा कमळाकर मला फार जपायचा. धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवायचा. "ही टाईल म्हणजे माझा उजवा हात," असं येईल त्याला सांगायचा. मीही फुशारून जायचे.

गणपतीचे टेंपो भरायचे दिवस होते. खाडीकडच्या गावातून शिवा नावाचा मिठागरावरचा कामगार आपल्या बहिणीला, सरूला, पहिल्या बाळंतपणाला घेऊन आला. मुलगी सुखरूप झाली, पण सरूचा रक्तस्राव थांबेना. कमळाकरने तिचं रक्त माझ्यावर तपासलं. ए नाही, बी नाही. म्हणून ओ लिहिलं. शिवाचंही तेच निघालं. शिवाने लगेच बाही वर केली.

"माझं रगत घ्या, सायेब. पायजे तेवढं घ्या."

डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं. "याच्या अंगात काढण्यासारखं आहे काय? अलिबागहून ओची बाटली आलीय, तीच लावू. जा रे, बाहेर बस." शिवा बाहेर बाकड्यावर जाऊन बसला.

कमळाकरने सरूचा थेंब आणि बाटलीतला थेंब माझ्यावर ढवळला. गुठळ्या झाल्या. बारीकसारीक नव्हेत, भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या! त्याने मला धुतलं, पुन्हा ढवळलं. पुन्हा तेच. तो आत धावला.

"साहेब, जुळत नाही."

"ओ कुणालाही चालतं, हे तुला मी शिकवायचं?" डॉक्टर कडाडले. "टाईल नीट धूत जा. बाई हातची चाललीय आणि तू थेंब ढवळत बसलायस."

कमळाकरने तिसऱ्यांदा ढवळलं. मी तिसऱ्यांदाही खरंच दाखवलं. आणखी काय करणार होते मी, तोंड फोडून ओरडणार होते? आतून हाक आली, "जुळलं का?" कमळाकरने माझ्याकडे पाहिलं, फडकं फिरवून मला पुसलं आणि म्हणाला, "जुळलं, साहेब."

पाव बाटलीही गेली नसेल, सरूला हुडहुडी भरली. "पाठ फुटतेय गो माझी, काढा ती सुई," म्हणून ती नर्सला विनवत होती. सुई काढली तेव्हा फार उशीर झाला होता. दुपारपर्यंत सरू गेली. वहीत कारण लिहिलं, 'टाईल खराब'. मला स्वयंपाकघरात टाकलं. कमळाकरने ते तसंच राहू दिलं. मला त्या माणसाची किळस आली.

सहा वर्षांनी धरमतर बंदरात मालवाहू बार्ज भरताना शिवाचा पाय मोडला आणि त्याला मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्याने त्याच्या हातात एक कार्ड दिलं. ते घेऊन तो कुबडी टेकत थेट कमळाकरकडे आला. कमळाकर स्वयंपाकघरात माझ्या शेजारीच चहा पीत बसला होता.

"ह्ये वाचा. माझं रगत ओ नाय म्हनं. बॉम्बे गट हाय."

कमळाकरने वाचलं. या लोकांच्या पेशींवर साखळीचा पायाच पुरा बनत नाही. माझ्यावर ते ओच दिसतात, पण ओचं रक्तही त्यांना परकं. चालतं फक्त त्यांच्यासारख्याचंच, आणि असा माणूस मिळालाच तर बहुधा सख्ख्या भावंडांत मिळतो.

"मंग माझ्या सरूचंबी ह्येच व्हतं?"

"हो."

"तवा माझं चाललं असतं?"

कमळाकरने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "हो शिवा, चाललं असतं."

"मी बाहेरच बसलो व्हतो," शिवा म्हणाला. "नुसती हाक मारली असती तरी आयकू आली असती." कार्ड खिशात घालून तो कुबडी टेकत निघून गेला.

मित्रांनो, शेवटी 'आम्हा वस्तूंना जपा' असं सांगायची रीत आहे. मला नका जपू. कमळाकरने मला पोटच्या पोरीसारखं जपलं होतं, त्याचा काय उपयोग झाला? डोळ्यांना जे दिसलं ते तोंडाने सांगा, समोर कितीही मोठा माणूस ओरडत असला तरी. त्या दिवशी तिसऱ्यांदा ढवळल्यावरही कमळाकर 'जुळत नाही' एवढंच म्हणाला असता, तर बाहेरच्या शिवाचा थेंब माझ्यावर ढवळून पाहिला असता आणि सरूच्या पोरीला आई असती.