कॅमेऱ्यावरचं गंध

"शंभरात एकसष्ट," वरुणराव मोबाईल लांब धरून म्हणाले, आणि रघोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकतीस वर्षं तो वरुणरावांच्या घरची गाडी चालवत होता. गाडीवर कधी साधा ओरखडा उठला नव्हता. आता दोन महिन्यांपूर्वी आलेली ही नवी गाडी त्यालाच मार्क देत होती. ती इंटरनेटला जोडलेली. कुठे थांबली, किती वेगानं गेली, सगळं चेन्नईत बसलेल्या मुरलीला, वरुणरावांच्या मुलाला, फोनवर दिसे. मागे पापनाशमजवळ बकरी आडवी आली म्हणून रघोजीनं ब्रेक दाबला. बकरी वाचली, मागे बसलेल्या मुरलीच्या आईचं, सुप्रभाबाईंचं, स्तोत्र एका अक्षरानं चुकलं नाही, पण गाडीनं चेन्नईला चहाडी केली की चालक बेपर्वा आहे.

आज मात्र भानगड मार्कांची नव्हती. मुरली फोनवर होता आणि स्पीकर चालू होता. काचेवरचा कॅमेरा चार दिवस झाकलेला होता, आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं, आणि गाडी दोनदा कावेरीकाठी, तिरुवैयारूला जाऊन आली होती.

"मामा, कोणास बसवून नेलांत तें सांगा. नाहीतर कॅमेरा कशास झांकलांत?"

याच पोराचा पाय धरून रघोजीनं त्याला क्लच सोडायला शिकवलं होतं. ते पोर आज त्याला चोर ठरवत होतं, आणि वर मामा म्हणत होतं.

"आयुधपूजेचें गंध आहे तें," रघोजी म्हणाला. "पुसायचें नसतें. आपोआप जातें."

दर वर्षी खंडेनवमीच्या या पूजेला तो स्टिअरिंगला, दिव्यांना, जॅकला, आपल्या पान्याला चंदन-कुंकू लावी. जे राबतं त्याचा मान करायचा, एवढंच त्याला ठाऊक. यंदा कापूर हातात घेऊन वरुणरावच म्हणाले होते, त्या वरच्या डोळ्यालाही लाव, चांगलं जाड लाव. तिरुवैयारूलाही तेच गेले होते, दोन्ही वेळा. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मुरलीनं त्यांना उंबरा ओलांडायला बंदी केली होती. सुप्रभाबाई दुपारच्या झोपल्या की म्हातारा कावेरीच्या पायरीवर तासभर पाण्यात पाय सोडून बसे आणि परत येताना गाणं गुणगुणे.

जाड लाव, का म्हणाले, ते रघोजीला आत्ता कळलं. त्याच्या हातून देवाच्या गंधाचा पडदा करून घेतला होता. त्याला असा संताप आला की कानशिलं तडतडू लागली. त्यानं वरुणरावांकडे पाहिलं. त्यांनी एकच वाक्य बोलायचं होतं.

वरुणराव चष्मा पुसत राहिले. "पुसून टाक की, रघोजी," ते म्हणाले. "विषय कशास वाढवायचा."

तिरुवैयारूला कोण होतं, मुरलीनं पुन्हा विचारलं. नाव ओठांवर आलं होतं. बोलला असता तर नोकरी राहिली असती, अब्रूही राहिली असती, आणि म्हाताऱ्याची कावेरी गेली असती.

"तें मी सांगणार नाही," रघोजी म्हणाला. "चहाड्या करण्यास तुझी गाडी आहे."

मुरली म्हणाला, मग उद्यापासून येऊ नका. वरुणरावांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

रघोजी बाहेर गेला. ओल्या फडक्यानं त्यानं कॅमेऱ्यावरचं गंध पुसलं, काच लख्ख केली आणि त्या डोळ्यात डोळे घालून क्षणभर उभा राहिला. मग डिकीतून स्वतःचा जुना पाना काढला, आत येऊन किल्ली वरुणरावांपुढे ठेवली. फोन बंद झाला होता.

"रघोजी, रागावूं नकोस रे."

"रागावलों आहे, अप्पा. आतां बसनें जा. बस कोणास कांहीं सांगत नाही."

पाना टॉवेलात गुंडाळून रघोजी फाटकाबाहेर पडला. पान्यावरचं चंदन वाळून पांढरं झालं होतं, पण गळालं नव्हतं. ते टॉवेलाला घासू नये म्हणून त्यानं गुंडाळी जरा सैल केली.