पन्नासापुढे आकडा नाही

मी पारा बोलतो आहे. तापमापीच्या नळीत कोंडलेला पारा. माझे जग सुईच्या नेढ्याहूनही अरुंद आहे. त्यात दोनच वाटा आहेत, वर आणि खाली. कोपऱ्यावरून वळावे, कुणाला वळसा घालावा, जमिनीवर मनसोक्त पसरावे, हे मला कधीच करता आले नाही.

माणसे मला धातू म्हणतात आणि धातू असून मी वाहतो याचे नवल करतात. मला त्याचे नवल वाटत नाही. वाहणाऱ्याला कोंडावे हे प्रथम कुणाला सुचले असेल, याचेच मला नवल वाटते.

माझा जन्म हिंगुळाच्या लाल दगडात झाला. तो दगड भट्टीत तापवला तेव्हा मी वाफ होऊन निघालो आणि गार होताच थेंब झालो. तेवढाच काय तो माझा मोकळा काळ. पुढे एका कारखान्यात मला काचेच्या नळीत भरले, नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून कायमचे बंद केले आणि नळी एका लाकडी पट्टीवर बसवली. पट्टीवर शून्यापासून पन्नासापर्यंत आकडे होते. तेव्हापासून ते आकडे हेच माझे अंगण आणि तेच माझे कुंपण.

ठाण्यातील शालेय साहित्याच्या दुकानात मी बरीच वर्षे काढली. तेथे एकदा माझ्या शेजारची तापमापी पडून फुटली. तिच्यातील पारा फरशीवर चमचमत धावला. एका थेंबाचे दहा झाले, दहांचा पुन्हा एक झाला. मला त्याचा हेवा वाटला. पण दुकानाचे मालक धावत आले, त्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढले, खिडक्या सताड उघडल्या आणि हातमोजे घालून कागदाच्या कडेने एकेक थेंब बाटलीत गोळा केला. "दिसायला मोती, पण याची वाफ छातीत गेली तर माणसाला सोडत नाही," ते नोकराला म्हणाले. मी ते ऐकले आणि मनावर घेतले नाही. कोंडलेल्याला बाहेर पडण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही.

शेवटी मला घ्यायला दर्शनाबाई आल्या. डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या एका प्राथमिक शाळेत त्या चौथीला शिकवत. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, त्या सकाळी त्यांनी मला वर्गाबाहेरच्या ओट्यावर, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर, खिळ्याला टांगले. हे सत्र थंडीचे; म्हणून वर्गाने रोज परिपाठापूर्वी हवेचे तापमान वाचायचे आणि फळ्यावर लिहायचे असे ठरले.

हे काम ऐश्वर्याकडे आले. तिचे वडील साताऱ्याकडून येऊन एमआयडीसीत कामाला लागलेले. मुलगी उंचीने लहान आणि जिभेने नेमकी. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावले, "वरून पाहिलेस तर खोटा आकडा दिसेल आणि खालून पाहिलेस तरी खोटाच. डोळे त्याच्या माथ्याच्या रेषेत आण. समोरून पाहा." तेव्हापासून ती रोज स्टूल ओढून आणी, त्यावर चढे, श्वास रोखून मला वाचे आणि आकडा लिहून झाल्यावर पुन्हा स्टुलावर चढून नळीच्या तळाशी असलेल्या माझ्या फुग्यावर हळूच फुंकर घाली.

"लिहून झालं. आता घे," असे ती कुजबुजे.

त्या उबेने मी चटकन वर सरके. माझ्या साऱ्या बंदिवासात केवळ मला बरे वाटावे म्हणून कुणी काही केले असेल, तर ते एवढेच.

तिचा प्रतिस्पर्धी धनेश. शाळेमागच्या गावातला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकरी घरातला. त्याला थंडी हवी होती. आणि डोंबिवलीला ती मिळत नव्हती.

"काय गं, आज किती? परत चोवीस?"

"तेवीस."

"बाप रे, एकाने उतरला! शेकोटी पेटवा रे कोणीतरी! काल बातम्यांत बघितलेलं मी, पारा नऊवर गेलेला. तुझा पारा झोपलाय."

"ते नाशिकचं सांगत होते, येड्या."

एके सकाळी धनेशने फ्रिजमधली पाण्याची बाटली आणून माझ्या फुग्याला टेकवली. माझे काय चालणार? मी सरसर उतरलो. ऐश्वर्या स्टुलावर चढली, सोळा हा आकडा पाहून चमकली आणि मग ओरडली, "बाई, याला घाम आलाय!"

बाई बाहेर आल्या. "धनेश, मी हवेचे तापमान विचारले होते. तुझ्या बाटलीचे नव्हे."

"पण बाई, थंडी पडलीच नाही तर लिहायचं काय?"

"पडली नाही, असे लिहायचे."

मी हवेच्या मर्जीने चढे आणि उतरे. मुलेही माझ्याहून फारशी मोकळी नव्हती. एका बाजूला कारखान्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर आणि मधल्या चिंचोळ्या पटांगणात मधल्या सुट्टीपुरते धावणे. घंटा झाली की पुन्हा जाळीच्या खिडक्यांआड. तरीही त्या वर्गाने थंडीचा अभ्यास मनापासून केला. वाटीत वाल भिजवून मोड किती उशिरा येतात ते पाहिले. सावल्यांची लांबी खडूने आखली. एकदा तीन पेल्यांत कोमट पाणी ओतून एकाला गोधडी, दुसऱ्याला शाल आणि तिसऱ्याला वर्तमानपत्र गुंडाळले, आणि अधिक ऊब कोण राखते हे मला पाण्यात बुडवून ठरवले.

त्या वेळी बाईंनी आधी स्वतःचे बोट पाण्यात घातले होते. "हे फार कढत असून चालणार नाही," त्या म्हणाल्या, "याला पन्नासापर्यंतच सोसते. त्यापुढे काच फुटेल, आणि आतला पारा विषारी असतो."

हे ऐश्वर्याने ऐकले. धनेश आणि वर्गातला प्रीतम तेव्हा कुणाच्या आजीची गोधडी जाड यावरून भांडत होते. मला पाण्यात बुडवतात, एवढेच धनेशने पाहिले.

संक्रांत झाली आणि धनेशच्या आजीने, तुळसाबाईंनी, साऱ्या वर्गाला पोपटीचे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचे, आमंत्रण दिले. टॉवर आणि गोदाम यांच्या मधोमध त्यांच्या जमिनीचा एक तुकडा अजून शिल्लक होता. "शालेन नुसती थंडी लिवता," त्या बाईंना म्हणाल्या, "आमचे वावरान या, थंडी खायाला देतंय."

मोकळ्या रानातील हवा आणि ओट्यावरील हवा यांत काय अंतर पडते ते पाहावे, म्हणून बाईंनी मलाही बरोबर घेतले. धनेशने मला छातीशी धरून नेले. आयुष्यात प्रथमच मी भिंतीवाचून आकाश पाहिले आणि माझा कोंडमारा दुपटीने वाढला.

तुळसाबाईंनी मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घातला. त्या रानपाल्याच्या वासाने मुलांनी नाके वर केली. मग वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, मीठ आणि वर पुन्हा पाला. मडके जमिनीवर पालथे घातले, भोवती गवत आणि काटक्या रचून जाळ केला. मुले लांब गोल करून बसली. जाळ ओसरल्यावर मडके काढले आणि केळीच्या पानांवर शेंगांचा वाफाळता ढीग ओतला. बाई आणि तुळसाबाई मागे वळून निखाऱ्यांवर पाणी शिंपू लागल्या. तेवढ्यात धनेशने मला उचलले.

"आता बघा मोठ्ठा आकडा! आपल्या फळ्यावर असा आकडा कोणी लिहिलाच नसेल!"

आणि त्याने मला त्या ढिगात खुपसले.

मी चढू लागलो. तीस. पस्तीस. चाळीस. इतक्या वेगाने मी कधीच धावलो नव्हतो. ज्या टोकाकडे वर्षानुवर्षे नुसते पाहत आलो, ते समोर येत होते. आणखी थोडा जोर, की काच तडकेल आणि मी बाहेर! मी खोटे सांगणार नाही. त्या क्षणी मला आनंद झाला.

मग माझी नजर बाहेर गेली. पानाभोवती चिमुकले हात होते. कुणी शेंग उचलून फुंकत होते, कुणी वाफेत तोंड घालून वास घेत होते. दुकानाच्या मालकांचे शब्द मला आता कळले. मी सुटलो असतो तर याच वाफेत मिसळलो असतो, याच शेंगांवर सांडलो असतो. रोज माझ्यावर फुंकर घालणारी ती छाती आणि ते ओठ माझ्यापासून वीतभर अंतरावर होते.

थांबावे असे मला प्रथमच वाटले. आणि थांबणे माझ्या हाती नव्हते. तापलो की चढायचे, हाच माझा स्वभाव. त्याच्यासाठीच तर मला कोंडले होते.

ऐश्वर्या गुडघ्यांवर बसली होती. धुराने डोळ्यांत पाणी आले होते, तरी सवयीने तिने डोळे माझ्या माथ्याच्या रेषेत आणले.

"पंचेचाळीस... अठ्ठेचाळीस... बाई! बाई, आकडे संपले!"

तिने दोन्ही हात ढिगात घालून पट्टी उपसली आणि पानांपासून दूर धावत सुटली.

"अगं, दे ना! मला वाचू दे!" धनेश मागे धावला.

"काय वाचणारेस? पन्नासापुढे आकडाच नाही! फुटला असता तो! विष असतं त्यात!"

बाई आल्या. त्यांनी आधी मुलांना पानांवरून उठवले, मग चष्मा पुसून, मला उन्हाकडे धरून, काच तळापासून टोकापर्यंत तपासली. कुणी शेंगेला हात लावला नाही. धनेशचा चेहरा पडला होता.

"शेंगा टाकायच्या का गो बाय?" तुळसाबाईंनी हळूच विचारले.

"नाही. काच अखंड आहे. एक थेंबही बाहेर आलेला नाही," बाई म्हणाल्या. मग ऐश्वर्याचे भाजलेले तळहात त्यांनी स्वतः पाण्यात धरले. रताळे सोलून तिला पहिला घास धनेशने भरवला. तीही "गरम आहे, फुंक आधी" असे दरडावून मगच जेवली.

काच अखंड राहिली. मी मात्र राहिलो नाही. गार होऊन खाली उतरताना माझा एक तुकडा अगदी वरच्या टोकाला अडकला आणि बाकीचा मी खाली आलो. मधे रिकामी जागा पडली. दुसऱ्या दिवशी ऐश्वर्या स्टुलावर चढली आणि बराच वेळ उतरलीच नाही.

"बाई, हा तुटलाय. आणि एकवीस दाखवतोय. एवढी थंडी नाहीये आज."

बाईंनी मोबाईलवर पाहिले. चोवीस. वरच्या तुकड्याएवढा मी खोटा ठरलो होतो.

"बाई, थोडा फोडून त्याला मोकळं करता येईल?" ऐश्वर्याने विचारले.

"तो मोकळा झाला, तर आपल्यापैकी कुणाला तरी धरील. त्याला जपून ठेवू आणि अशा वस्तू नीट नाहीशा करणाऱ्यांच्या हाती देऊ."

खिळ्यावर आता लाल द्रवाची नवी तापमापी आहे. मी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, बरणी कपाटात आणि कपाट कुलपात. न्यायला येणारे अजून आलेले नाहीत. खालचा मी अंधारातही हवेबरोबर चढतो, उतरतो. वरचा मी मात्र त्या दुपारीच थांबला आहे. त्याच्यापुरती पोपटी अजून वाफाळते आहे.

परवा बाईंनी खडू काढण्यासाठी कपाट उघडले. ऐश्वर्या शेजारी होती. तिने बरणीवर फुंकर घातली. काच, प्लॅस्टिक, झाकण. ऊब माझ्यापर्यंत पोचली नाही. बरणीवर धुके जमले, तिने ते बाहीने पुसले आणि डोळे माझ्या रेषेत आणले.

वाचकहो, मला सोडवू नका. बरणीचे झाकण सैल करू नका आणि कधी अशी नळी तुमच्या घरात फुटली, तर मुलांना आधी बाहेर काढा. मी दिसायला सुंदर आहे, म्हणूनच हे सांगतो. आत राहणे मला आवडत नाही. पण आत का राहायचे, हे मला आता ठाऊक आहे.

कपाट कधी उघडलेत, तर एवढेच करा. वरून नको, खालून नको. तिच्यासारखे, समोरून पाहा.