गार्नेट लोचचा डबा

नोरीन कोवाल्चुक हॅमिल्टनच्या एका इस्पितळात धुलाईखात्यात काम करायची. दिवसभर चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं खरं काम सुरू व्हायचं. ‘नॉर्थ गेट’ या बँडच्या चाहत्यांसाठी ती दर दोन महिन्यांनी आठ पानांचं पत्रक काढायची. टाइप करायची, झेरॉक्स काढायची, घडी घालून तिकिटं चिकटवायची. पंधरा वर्षं झाली होती. बँडमधली चारही मुलं तिच्याच गल्लीतली, पोलाद कारखान्याच्या उत्तर दरवाजातून ज्यांचे बाप आत-बाहेर करायचे त्या घरांतली. गायक कॉनल रीस शाळेत तिच्या एक वर्ष मागे होता. आता तोही चाळिशीचा झाला होता आणि पत्रक तीनशे चाळीस घरांत जात होतं.

पत्रकाची शेवटची दोन पानं वाचकांच्या पत्रांची. त्यांत सगळ्यांत चांगलं लिहायचा तो गार्नेट लोच. वर उत्तरेला, सडबरीजवळ निकेलच्या खाणीत सुरुंग लावायचं काम करायचा. कुठलं गाणं खाणीत माणसं सोडणाऱ्या लोखंडी पाळण्यातून खाली उतरताना म्हणतो, सुरुंगाची कांडी जुनी झाली की तिला घाम फुटतो, मग तिच्याजवळ माणसं मोठ्यानं बोलतसुद्धा नाहीत, असं काय काय लिहायचा. सहा वर्षांत नोरीननं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं पत्र आलं की ती चहा ठेवून मगच पाकीट फोडायची.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात बँडनं जाहीर केलं की ऑक्टोबरात शेवटचा कार्यक्रम, आणि मग बास. त्यानंतर गार्नेटची पत्रं बदलली. खाण बंद पडली होती, बायको बहिणीकडे निघून गेली होती, हे त्यानं एका ओळीत उरकलं. बाकी सगळं कॉनलबद्दल. ‘त्याला असं मध्येच उठून जाता येणार नाही. आम्ही त्याच्या भरवशावर जगलो.’ नोरीननं तेवढ्या ओळी गाळून पत्र छापलं. पुढचं पत्र आलं ते चार ओळींचं. ‘तुम्ही माझ्या ओळी गाळल्यात, चालेल. शेवटचं गाणं संपल्यावर कुणीच घरी जाणार नाही. मी तशी सोय करतोय. तुमची काळजी मी घेईन.’

तिनं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पोलिस चौकीत नेलं.

काउंटरवरच्या शिपायानं ते वाचून परत सरकवलं. “बाई, यात धमकी कुठंय? पार्टी ठेवत असेल बिचारा.”

“याला मी ओळखते. तो असं उगाच लिहिणारा नाही.”

“भेटलाय कधी तुम्हाला?”

“नाही.”

“मग ओळखता कशा?”

तिनं पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. बँडच्या कार्यालयातल्या पोरीनं तर फोनवर जांभईच दिली. “मॅडम, आमच्याकडे अशी पत्रं पोत्यानं येतात.”

बेव्ह ऑस्ट्रँडर ही तिची धुलाईखात्यातली मैत्रीण, पत्रकाच्या घड्या घालायला यायची. ती म्हणाली, “अगं, नवऱ्यानं सोडलेल्या बायका चर्चमध्ये जातात आणि बायकोनं सोडलेले पुरुष कविता करतात. तू कशाला झोप उडवून घेतेस?”

पण झोप उडाली होती ती उडालीच. न जाणं तिला शक्य नव्हतं. कार्यक्रम बाराशे माणसांच्या जुन्या सभागृहात, शनिवारी दुपारी दोनला होता. खुर्च्या नव्हत्या, जो आधी येईल तो पुढे. नोरीन आणि बेव्ह सकाळी सातलाच रांगेत बसल्या. नऊपर्यंत दोन-अडीचशे माणसं जमली. ब्लँकेटं, थर्मास, कुणीतरी गिटार वाजवतोय, कुणी जुन्या दौऱ्यांचे शर्ट मिरवतोय. दरवर्षी याच रांगेत नोरीन सगळ्यांत सुखी असायची. आज ती प्रत्येक येणाऱ्या पुरुषाचे हात बघत होती. खाणवाल्याचे हात कसे असतील, दाढी असेल का, डोळे कसे असतील. मनातल्या मनात तिनं त्याला आडदांड, तांबड्या डोळ्यांचा करून ठेवला होता.

“नोरीन ना तुम्ही?”

समोर एक बुटका माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, गालावर दाढी करताना कापल्याची बारीक खूण. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. उजव्या हातात खाणकामगार नेतात तसला पत्र्याचा मोठा डबा होता. “दहाव्या वर्षाच्या अंकात तुमचा फोटो होता. मी गार्नेट.”

बेव्हचं सँडविच हातातच राहिलं. नोरीनच्या तोंडातून शब्द आले ते शेजारणीशी बोलावं तसे. “अरे वा! एवढ्या लांबून आलात?”

“रात्रभर बसमध्ये होतो. इथं बसू का? मधे घुसलो असं नको व्हायला.”

“बसा ना,” मागचा एक जण म्हणाला. “नोरीनचा पाहुणा तो आमचा पाहुणा.”

तो बसला. डबा त्यानं दोन्ही पायांच्या मध्ये, फार हळू ठेवला. तान्हं मूल झोपवावं इतक्या हळू.

बेव्ह उठली. “मी जरा पाय मोकळे करून येते.”

“कुठं निघालात?” गार्नेट तिच्याकडे न बघताच म्हणाला. “आत्ताच तर आलो मी. बसा की.”

आवाज मऊ होता. बेव्ह मुकाट्यानं खाली बसली.

मग दीड तास ती तिघं गप्पा मारत बसली. बघणाऱ्याला वाटलं असतं, जुने सोबती भेटलेत. त्याला सगळं पाठ होतं. कुठल्या गावात कॉनलचा आवाज बसला, कुठं वीज गेली आणि लोकांनीच गाणं पुरं केलं. नोरीन हसत होती, मान डोलवत होती. तिच्या काखेतून घामाचे ओघळ उतरत होते. सभागृहाच्या दाराशी एकच पोलिस उभा होता, साठ-सत्तर पावलांवर. त्याला हाक मारली तर? हा माणूस डब्याला हात घालेल. आपण चूक असलो तर? सगळ्यांसमोर एका दुःखी माणसाची अब्रू घालवली असं होईल. आणि बरोबर असलो तर?

“शेवटचं गाणं कुठलं घेतील?” तिनं विचारलं.

“कुठलंही घेऊ दे.” तो डब्याच्या कडीवरून बोट फिरवत होता. “तुम्ही मात्र त्याआधी बाहेर जा, नोरीन. मी खूण करीन. तुम्ही एकट्याच माझं लिहिलेलं छापत आलात.”

बेव्हनं ब्लँकेटखाली नोरीनचा हात धरला. बेव्हचा हात बर्फासारखा गार होता, की नोरीनचाच, कळेना.

अकराच्या सुमाराला तो चुळबुळ करायला लागला. बसचा प्रवास, वर नोरीननं थर्मासमधली कॉफी पाजलेली. समोर रस्त्यापलीकडे डोनटचं दुकान होतं, सगळी रांग तिथलाच संडास वापरत होती. तो उठला आणि डब्याकडे वाकला.

“डबा राहू दे,” नोरीन म्हणाली. आपणच बोलतोय यावर तिचा विश्वास बसेना. “तिथं ही गर्दी आहे, धक्काबुक्की व्हायची. मी सांभाळते. जागाही ठेवते तुमची.”

तो वाकलेलाच थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं नजर हलवली नाही. हलवली असती तर सगळं संपलं असतं, असं ती पुढे सांगायची.

“हलवू नका फक्त,” तो म्हणाला. “आणि आडवा करू नका.”

“नाही करत.”

“तुम्हाला कॉफी आणू?”

“आणा. दूध घालून.”

तो रस्ता ओलांडून दुकानात शिरला. नोरीननं डब्याची कडी काढली. झाकण हलकेच उचललं. वर तिचीच पत्रकं होती, दोऱ्यानं बांधलेली. तिनं कड उचलून आत पाहिलं. खाली तपकिरी कागदातल्या जाड कांड्या. कागदावर तेलकट डाग पडले होते, गोडसर, डोकं दुखवणारा वास येत होता. कांड्यांना घाम फुटला होता.

तिनं झाकण लावलं.

“बेव्ह, ऐक. ओरडू नकोस. पळू नकोस. चालत त्या पोलिसाकडे जा आणि सांग, डब्यात सुरुंग आहे, रांग मागे घ्या. धावपळ करू नका म्हणावं.”

“आणि तू?”

“हा इथं राहिला तर कुणाचा तरी पाय लागेल.”

“नोरीन, टाक तो! टाक आणि चल!”

“टाकता नाही येत गं याला!”

बेव्ह रडतच निघाली, पण चालत निघाली. नोरीननं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. सभागृहाच्या बाजूला बंद पडलेल्या डबाबंद फळांच्या कारखान्याचं मोकळं आवार होतं, रेतीचं, गवत माजलेलं. तिकडे ती चालायला लागली. पुढच्या माणसांना “जरा वाट द्या, जरा वाट द्या” म्हणत. कुणीतरी हसून म्हणालं, “काय नोरीन, एकटीच जेवणार का?” एक पोरगी ब्लँकेटवर नाचत होती, तिचा कोपर डब्यापासून वीतभर अंतरावरून गेला. नोरीनला श्वास घ्यायची भीती वाटत होती. छाती वरखाली झाली तर डबा हलेल. पायाखाली रेती सरकत होती. आई आठवली नाही, देव आठवला नाही, कॉनलही नाही. एकच गोष्ट डोक्यात होती, पाऊल सपाट ठेव, पाऊल सपाट ठेव.

कारखान्याच्या भिंतीशी तिनं गुडघे टेकले आणि डबा खाली ठेवला. बोटं डब्यापासून सुटेनात. एक एक सोडवावी लागली. मग ती उलट्या पावलांनी मागे सरकली आणि पाठीमागे आवाज आला.

“तुम्ही उघडलात.”

गार्नेट आवाराच्या तोंडाशी उभा होता. दोन्ही हातांत कागदी पेले. त्याच्या मागं, दूर, रांग पांगत होती. पोलिस हात हलवत होता.

“उघडला,” ती म्हणाली.

“दुसऱ्याचा डबा उघडू नये.”

तो पुढे आला. तिला पळायचं होतं, पण त्याच्या आणि डब्याच्या मध्ये तीच होती, आणि पाय जागचे हलत नव्हते. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. गुडघे लटलट कापत होते, स्कर्ट हलताना दिसत होता.

“मला भीती वाटतेय, गार्नेट,” ती म्हणाली. “माझे पाय बघा. सहा वर्षं तुमची पत्रं वाचली, आणि आज मला तुमची भीती वाटतेय.”

त्यानं खरंच खाली तिच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“तुमच्यासाठी नव्हतं ते. तुम्हाला बाहेर काढणार होतो.”

“आणि बेव्हला? तुम्हाला जागा देणाऱ्या त्या माणसाला?”

त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. “परत जाऊन करायचं काय मी?” एवढंच म्हणाला, तेही तिला विचारलं की स्वतःला, कोण जाणे.

“हात वर! हात वर कर!” पोलिस ओरडत आला. त्याचा आवाज फाटला होता.

गार्नेटच्या हातांत कॉफी होती. त्यानं दोन्ही पेले नोरीनपुढे धरले. तिनं घेतले. मग त्यानं हात वर केले आणि रेतीत गुडघ्यांवर बसला. ती तशीच पेले धरून उभी राहिली. कुणीतरी येऊन तिला खांद्याला धरून नेलं तोपर्यंत कॉफी तिच्या मनगटांवर सांडून कातडी लाल झाली होती, आणि तिला ते कळलं नव्हतं.

सैन्याची माणसं आली, डबा घेऊन गेली. पुढे एका तपासनिसानं सांगितलं की तो डबा ठेच लागून पडला असता तरी पुरे होतं. कार्यक्रम पुढच्या शनिवारी झाला. बँडनं नोरीनला मंचामागे बोलावलं. कॉनल रीसनं तिला मिठी मारली. पंधरा वर्षं ती जिची स्वप्नं बघत होती ती मिठी. त्याच्या खिशातलं काहीतरी टणक तिच्या बरगडीला लागलं आणि ती किंचाळून मागे सरली. माउथऑर्गन होता. तो बिचारा माफी मागत राहिला. तिनं कार्यक्रम दाराशी उभं राहून पाहिला. पाहिला म्हणजे काय, लोकांच्या पिशव्या पाहिल्या. तीन गाण्यांनंतर ती बेव्हला म्हणाली, “चल, मला घरी सोड,” आणि बेव्हनं एकही टोमणा न मारता गाडी काढली.

डिसेंबरात ती शेवटच्या अंकाची जुळवाजुळव करत होती. त्यात आवारातल्या त्या सकाळबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हा तुरुंगाचा शिक्का असलेलं पाकीट आलं. तिनं ते न फोडता तपासनिसाला दिलं. त्यानं चार दिवसांनी परत आणून दिलं. “काही नाही हो. पत्ता बदललाय, पत्रक इकडे पाठवा, एवढंच लिहिलंय.”

“पाठवणार आहेस?” बेव्हनं घड्या घालता घालता विचारलं.

“मला त्याचं नाव लिहायलासुद्धा भीती वाटते गं.”

“मग नको लिहूस. मी लिहिते. की फाडून टाकू?”

नोरीननं हातातली घडी पुरी केली. मग तिनं पेन घेतलं आणि पत्ता स्वतःच लिहिला, अक्षर वेडंवाकडं आलं. त्याला तो पाठच होता, तरी पाकिटावर आपला पत्ता टाकला नाही. पुढच्या रविवारी ती बस धरून शेजारच्या गावात गेली, तिथल्या टपालपेटीत ते टाकलं, आणि परतीची बस येईपर्यंत थांब्याच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.