निलमला गाडी लागते

मराठी माणसाला भूक लागते, झोप लागते, उचकी लागते, नजर लागते, आणि यातलं काहीच नाही लागलं तर गाडी लागते. पुसेगावच्या निलमला गाडी लागत होती. म्हणजे तिच्या सासूबाई मंजुळाबाई तसं सांगत होत्या, आणि त्या घरात एखाद्या दुखण्याला मंजुळाबाईंनी नाव दिलं की ते बदलायची सोय नव्हती.

निलमला स्वतःला याचं नवल वाटे. कुरुंद्याला माहेरी असताना ती हळदीच्या पोत्यांवर बसून टेम्पोतून वसमतच्या बाजाराला गेलेली. एसटीत उभ्यानं, कुणाच्या तरी कोंबडीशेजारी, परभणीपर्यंत गेलेली. तेव्हा काही लागलं नाही. लग्न झालं आणि लागायला लागलं.

नवऱ्याची, कुलदीपची, जुनी व्हॅन होती. रोज त्यातून दुधाचे कॅन हिंगोलीला जायचे. या जातीच्या व्हॅनचं इंजिन पुढं नाकात नसतं, पुढच्या सिटांखाली असतं. माणूस गाडीत बसतो असं आपण म्हणतो, खरं म्हणजे तो इंजिनवर बसतो. थंडीत बरं वाटतं. गाडी चालू केली की सिटाखालून फट्‌फट्‌ असा आवाज येई आणि चढाला तो वाढे. कुलदीप कौतुकानं म्हणे, "इंजिन बोलते आपलं." काय बोलते ते त्यानं ऐकून घेतलं नव्हतं. दुधाच्या कॅनांनी कधी तक्रार केली नाही.

माहेरी जाताना निलमची जागा पुढं, नवऱ्याशेजारी. मंजुळाबाई सोबत असल्या की त्या मागं, सरकत्या दारापाशी. ते दार पुरतं लागत नसे, दोरीनं बांधलेलं असे, आणि फटीतून रस्ता दिसे. तरी पुढच्या दारांच्या काचा बंदच हव्यात, असा मंजुळाबाईंचा कायदा होता, कारण त्यांच्या कानाला वारं लागे. एकीला वारं लागतं, दुसरीला गाडी लागते. जिथं वयावर निकाल लागतो तिथं वारंच जिंकायचं. कुलदीपची काच तेवढी थुंकण्यापुरती उघडी असे. निलमची काच बंद, हातात लिंबू, आणि औंढा येईपर्यंत डोकं असं व्हायचं की कुणी आतून घण मारतंय.

कुरुंद्याला उतरली की ती ओकायची आणि आडवी व्हायची. आई, जनकाबाई, पदरानं वारा घालायची. संध्याकाळी उठावं तर परतीची गाडी उभी. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मंजुळाबाईंनी पुसेगावात पेढे वाटले होते. दुसऱ्यांदा झालं तेव्हा नुसती बातमी वाटली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या हिला पोटात काही राहातच न्हाई. ना लेकरू, ना भाकर." शेजारीण हसली. निलम भांडी घासत होती. ती घासत राहिली.

आता जनकाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. घरात दुसरं कुणी नाही, आणि डोळ्यात थेंब घालायला दुसऱ्याचा हात लागतो. आठ दिवस आईपाशी राहू द्या, असं निलमनं विचारलं. मंजुळाबाईंनी नाही म्हटलं नाही. न्याय केला.

"जा की. मी बी येते, इहीणबाईला बघून घेते. पण जाताना तुला गाडी लागली न्हाई तर राहायचं. लागली तर त्याच गाडीत वापस. आजारी माणसानं आजारी माणसाचं काय करावं?"

यात खोट काढायला जागा नव्हती. निलमनं तीन लिंबं घेतली.

हिंगोलीला पोचेपर्यंत व्हॅन इतकं बोलायला लागली की रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. कुलदीपनं ती रामसिंग मिस्त्रीच्या गॅरेजवर घातली. मंजुळाबाई विहिणीसाठी केळी घ्यायला समोरच्या गाड्याकडं गेल्या. निलम डोकं धरून सावलीला उभी राहिली.

रामसिंगनं पुढचं सीट उचललं. खाली इंजिनाच्या कुशीला बिडाचा जाडसर नळ होता, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिनातला जळका धूर गोळा करून तो सायलेन्सरकडं लावून देतो. जिथं तो इंजिनाला चिकटतो तिथं सगळं काजळीनं काळं झालं होतं, चुलीच्या मागच्या भिंतीसारखं.

"म्या दिवाळीलाच म्हणलो होतो तुमाला, कुलदीपभाऊ," रामसिंग म्हणाला. "तवा नुसतं पॅकिंग जळालं होतं. आता बोल्ट बी तुटला. धूर सायलेन्सरला जातच न्हाई, सगळा मदी येऊन राहिला."

"मग करू की. वापस येताना."

"करा. पण काचा उघड्या ठेवा. हा धूर दिसत न्हाई. डोकं धरते, मळमळते, मग झोप येते. बंद गाडीत झोपलेलं माणूस बराबर झोपते. उठत न्हाई." मग त्यानं निलमकडं, तिच्या हातातल्या लिंबाकडं पाहिलं. "वैनीला लागते काय गाडी?"

"लागते," कुलदीप म्हणाला.

रामसिंग पाना पुसत दुसऱ्या गाडीकडं गेला. नवरा-बायकोच्या मधल्या जागेत तो हात घालत नसे. तिथले बोल्ट हमखास तुटतात.

"तुमाला दिवाळीपासून ठाऊक व्हतं?" निलमनं विचारलं.

"गाडी दोन दिवस उभी राहिली तर दूध काय डोक्यावर न्यायचं?"

"अन् मला जे होते ते?"

कुलदीपनं थोडा विचार केला. "हे बघ, तुला लागते म्हणून घरात शांतता हाय. तू माहेराला जाते म्हणत न्हाईस, आईला न्हाई म्हणावं लागत न्हाई. कुणालाच वाईट व्हावं लागत न्हाई."

हे तो रागानं बोलला नाही, समजावून बोलला. कुलदीप वाईट नव्हताच. वाईट व्हायला कष्ट पडतात.

मंजुळाबाई केळी घेऊन आल्या. निलमनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"आत्याबाई, तुमी पुढं बसा आज."

"काहून?"

"मागं दाराच्या फटीतून वारं येते. तुमच्या कानाला बरं न्हाई. पुढं काच घट्ट लागते."

मंजुळाबाईंनी सुनेकडं जरा वेळ पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच हिला अक्कल आली असं त्यांना वाटलं, आणि तसं त्या म्हणाल्याही. निलमनं त्यांच्या कानाभोवती रुमाल बांधून दिला, पदर सारखा केला, दार लावलं, काच वर केली. मग मागं जाऊन दाराच्या फटीपाशी बसली.

कुलदीप किल्ली धरून बसला होता. "आई," तो म्हणाला.

"काय रे?"

"काही न्हाई."

गाडी निघाली. निलमनं हा रस्ता आजवर उघड्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. शेतात हळद शिजत होती, तिचा मातकट वास फटीतून आत येत होता. पुढं मंजुळाबाईंचं बोलणं चालू होतं: निलमची भाकर जाड, निलमची झोप जड. हळूहळू वाक्यं लहान झाली.

"डोकं भरून आलं रे, कुलदीप."

कुलदीपनं आपली काच पुरती खाली केली.

"लाव ती. कानात वारं जाऊन राहिलं."

"उघडी राहू दे, आई."

"लाव म्हणते न."

काहून उघडी राहू दे, हे एका वाक्यात सांगता येत होतं. पण त्या वाक्याला दिवाळी जोडलेली होती. कुलदीपनं काच वर घेतली, अगदी वरपर्यंत. आरशात त्याचे डोळे निलमकडं आले. निलमनं पण पाहिलं. दोघांनाही तोच एक शब्द ठाऊक होता: धूर. तो आधी त्यानं उच्चारावा, असं तिला वाटत होतं. नवऱ्याच्या आधी बोलू नये, हे तिला मंजुळाबाईंनीच शिकवलं होतं.

औंढ्याच्या पुढं मंजुळाबाईंची मान कलली आणि डोकं काचेवर आपटलं. त्या उठल्या नाहीत. निलमचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला. तिला आईचा झाकलेला डोळा आठवला, ते आठ दिवस आठवले. तिनं हात मागं घेतला. मग तिनंच न राहवून सरकतं दार दोरीसकट मागं ओढलं, आणि कुलदीपनं त्याच क्षणी, आपल्याच मनानं केल्यासारखी, काच उघडली.

तेवढ्यानं मंजुळाबाई वाचल्या. ओकायच्या मात्र वाचल्या नाहीत. कुरुंद्यात उतरून त्या जनकाबाईच्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीवरच ओकल्या आणि तिथंच बसल्या. डोळ्यावर हिरवं फडकं बांधलेली जनकाबाई चाचपडत पाणी घेऊन आली.

निलम आपल्या पायानं उतरली. "आई, मला लागली न्हाई," ती म्हणाली. तिनं पिशवी आत नेली, आपलं लुगडं दांडीवर टाकलं. या घराच्या दांडीवर तिचं लुगडं लग्नानंतर प्रथमच पडत होतं.

दुपार कलल्यावर मंजुळाबाईंनी बाजेवर डोळे उघडले. निलम पुढं झाली.

"आत्याबाई, मला लागली न्हाई. ठरल्यापरमाणं मी राहते."

"तू काहून राहतीस? तू तर धडधाकट हायेस." मंजुळाबाईंचा आवाज क्षीण झाला होता, न्याय क्षीण झाला नव्हता. "त्या गाडीत मी पाय ठेवत न्हाई आता. मीच राहते आठ दिवस. तू वापस जा. कुलदीपच्या भाकरीचं कोण बघन?"

"इहीणबाई, राहू द्या पोरीला," जनकाबाई म्हणाली. "दोघींचं करीन ती."

"दोघींचं करायला तुमी हाव की. एक डोळा चांगला हाय तुमचा."

निलमनं नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीला टेकून केळं खात होता. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात, अगदी आपुलकीनं म्हणाला, "सिटाखालचं सांगतीस काय आईला? सांग. मला दिवाळीला कळलं. तुला कवा कळलं, ते बी सांग."

निलमनं दांडीवरचं लुगडं काढून घडी केली. थेंबांची बाटली तिनं मंजुळाबाईंना दाखवली, सकाळी किती, दुपारी किती, ते सांगितलं. मंजुळाबाईंनी बाटली उशाखाली घेतली आणि कूस बदलली. जनकाबाई बाजेशेजारी जमिनीवर मान मागं टाकून थेंबांची वाट बघत बसली होती. बाजेवरून घोरणं ऐकू यायला लागलं.

कुलदीपनं मागच्या सिटावर हळदीची दोन पोती टाकली होती, बसायला जागा पुढचीच उरली होती. गावाकडं भाव बरा होता.

"हिला गाडी लागते न, जावईबापू?" जनकाबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड करून विचारलं. "जरा हळू न्या."

"मामी, आता न्हाई लागत," कुलदीप म्हणाला. "तिला सवय झाली."