मी वेळेवर आलो

"मॅडम, इथेच उतरताय का? सिग्नल सुटलाय," टॅक्सीवाला दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दार उघडून एक पाय रस्त्यावर ठेवलाय. मागचे लोक हॉर्न बडवत होते. आणि समोर, चौकातल्या होर्डिंगवर, तीन वर्षांपूर्वी गेलेला माझा नवरा हसत होता.

चेहराच एक मजला उंच. लहानपणी पडून डाव्या भुवईजवळ झालेली खूण ताटाएवढी दिसत होती. खाली निळ्या अक्षरांत ओळ: 'मी वेळेवर आलो. तुम्ही?' आणि तिच्याखाली हृदयरोगाच्या रुग्णालयाचं नाव नि फोन नंबर. ओळ माझीच होती. तो वेळेवर पोचला नव्हता म्हणूनच ती मला सुचली होती, पण हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. छातीत जळजळतंय म्हणत हा सकाळभर घरी बसून राहिला, पित्ताच्या गोळ्या चघळल्या, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी पाय आत घेतला. टॅक्सीवाल्याने आरशात बघून, बरं वाटत नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, चला.

त्या क्षणी मला रडू आलं नाही, हे सांगून टाकते. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज संध्याकाळी याच चौकातून बागेत जातात. गेले काही दिवस गुडघ्यामुळे त्यांचं जाणं बंद होतं, पण कालपासून पुन्हा सुरू झालं होतं. काल त्यांची नजर वर गेली नसावी, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज संध्याकाळच्या आत तो चेहरा खाली यायला हवा होता.

आता हा तिथे चढला कसा? जाहिरातीचा कच्चा नमुना करतात, त्याला आमच्यात डमी म्हणतात. खरा मॉडेल ठरेपर्यंत त्यात कुणाचा तरी फोटो चिकटवायचा असतो. पुष्कळ वर्षांपूर्वी हा मला घराची किल्ली द्यायला ऑफिसात आला होता. मॉडेल उशिरा येणार होता, फोटोग्राफर लाइट लावून कंटाळला होता, त्याने ह्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, भावोजी, हसा. तेव्हापासून आमच्या सगळ्या डमींमध्ये भावोजीच हसायचा. त्याने टायर विकले, टूथपेस्ट विकली, एकदा तर बाळाची पावडरही विकली. गिऱ्हाइकाने पसंती दिली की त्याला काढून खरा मॉडेल बसवायचा, हा आमचा शिरस्ता. घरी तो फुशारकी मारायचा की मी सगळ्या कंपन्यांनी नाकारलेला एकमेव माणूस आहे. तो गेल्यावर जुन्या लोकांनी न सांगता त्याला वापरणं बंद केलं. फोटो काढून टाकायचं मात्र कुणाला सुचलं नाही आणि जुने लोकही एकेक करून पांगले.

ऑफिसात शिरले ती थेट चिमणीच्या टेबलाशी. चिमणी म्हणजे आमची नवी डिझायनर. आवाजामुळे पडलेलं नाव. मी होर्डिंगबद्दल विचारताच पोरगी शाबासकीच्या अपेक्षेने उभी राहिली.

"मीच केलं मॅडम. रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंना तो चेहरा इतका आवडला. म्हणाल्या, हा माणूस खरा वाटतो, दुसरा शोधूच नका. मी आपल्या फोटो-लायब्ररीतूनच घेतला, तिथे 'भावोजी' म्हणून होता. मला वाटलं मॉडेलचं टोपणनाव असेल." आणि पुढे म्हणाली, "डॉक्टरबाईंना नव्या इमारतीच्या उद्घाटनाला या मॉडेलला स्टेजवर बोलवायचंय. माझ्याकडे त्यांचा नंबर नाहीये."

"माझ्याकडेही नाही," मी म्हटलं. "तो माझा नवरा. गेला तो."

चिमणीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता ती बसली आणि रडायला लागली. तिला पाणी आणून देणं, पाठीवरून हात फिरवणं हे माझ्यावरच आलं. मला बसलेला धक्का तोवर बाजूला उभा राहून आपली पाळी कधी येते बघत होता.

मग साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. मी इथे नोकरीला लागले तेव्हापासून ते माझे साहेब आहेत आणि अजूनही मला 'पोरी' म्हणतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी धंद्याचंच बोलले. ओळखणारे असे कितीसे निघणार, पंधरवड्याने उतरणारच आहे, रुग्णालयाला काय तोंड दाखवायचं.

"साहेब, आई जातात तिथून," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. लगेच स्वतः डॉक्टरबाईंना फोन लावला. मग त्या एवढंच म्हणाल्या, की आत्ता उतरवा, त्या जागी काय लावायचं ते मागाहून बघू. होर्डिंगची माणसं दुपारनंतर मोकळी होणार होती. तोवर काय करायचं? तर तोवर माझं भाषण होतं.

नव्या भरतीच्या मुलामुलींना मी 'माझ्या कामाने मला काय शिकवलं' हे सांगायचं होतं. हे भाषण मला तोंडपाठ आहे. मीटिंगमध्ये आपलं बोलणं कुणी तोडलं तर काय करायचं, गिऱ्हाइकाला 'नाही' गोड कसं म्हणायचं, आणि माझं लाडकं वाक्य: काम सोपवलं की मागे वळून बघायचं नाही. या वाक्यावर मी आजवर भरपूर टाळ्या घेतल्यात. आज ते मी गाळलं. मी ओळ मंजूर केली तेव्हा चेहऱ्याच्या जागी नुसता करडा चौकोन होता. चौकोन मी चिमणीवर सोपवला आणि दिमाखात मागे वळून बघितलं नाही.

शेवटी म्हटलं, "होर्डिंग लावायच्या आधी तुम्ही त्याच्याखाली जाऊन उभे राहा. तिथून कोण जातं ते बघा. आपण लिहिलेलं खोटं वाचणारं माणूस खरं असतं."

एका मुलाने विचारलं, मॅडमना मार्केट रिसर्च म्हणायचंय का. मी हो म्हटलं. काय सांगणार होते त्याला?

एका मुलीने विचारलं की एवढी वर्षं रोज उठून कामाला यायची प्रेरणा कुठून मिळते. याचं माझं एक झकास उत्तर ठरलेलं आहे, ते मला आठवलंच नाही. खरं तेच तोंडातून निघालं. तो गेल्यावर मी घरात बसून होते. एका सकाळी आईंनी माझी पर्स माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाल्या, जा तू, दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसून काय होणार आहे. ज्या बाईचा मुलगा गेला होता तिने मला कामावर धाडलं. प्रेरणा म्हणायची तर ती हीच. मुलं हसावं की नाही या पेचात पडली.

दुपार कलली तसा होर्डिंगवाल्यांचा फोन आला, शिडी लावतोय म्हणून. मी चौकात पोचले तेव्हा आई यायला अजून तासभर अवकाश होता. जीव भांड्यात पडला. पेपरच्या स्टॉलपाशी सावली होती म्हणून मी तिकडे वळले, तर स्टॉलशेजारच्या बाकावर आई बसलेल्या.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्या वर बघत होत्या, शांतपणे, कुणी समोर बसून गप्पा मारत असल्यासारख्या. पेपरवालीने मात्र मला बघितलं. काय हवंय, असं विचारून मग माझी नजर कुठे आहे ते पाहून म्हणाली, "त्या आजींचा मुलगा आहे तो. कालपण आल्या होत्या. मी विचारलं, बरे झाले का हो ते? तर म्हणाल्या, हो, वेळेवर नेला म्हणून वाचला."

काल रात्री आईंनी कधी नव्हे ते दोनदा भात मागून घेतला होता. चेहरा खुलला होता. गुडघ्याचं नवं औषध लागू पडलं असं मला वाटलं होतं, मी डॉक्टरांना तसं कळवूनही टाकलं होतं.

मी जाऊन शेजारी बसले. आईंना माझं अजिबात नवल वाटलं नाही.

"तू लिहिलंस ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो. पण फोटो चुकून लागला, आई. आत्ता काढताहेत. तुम्ही बघायच्या आत काढायचा होता."

"मी कालच बघितला. आधी घाबरले. मग वाचलं. त्या दिवशी पाणी मीच देत होते गं त्याला. जा रे, दाखवून ये, असं मीही म्हटलं नाही. त्या पेपरवालीने विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं, मला खरंच वाटलं थोडा वेळ. रागावू नकोस."

रागावणार कुणावर? लोकांना पटेल असं लिहिणं हाच तर माझा धंदा. माझी ओळ कुणाला इतकी पटेल, आणि ती याच बाईला पटेल, हे मी मनातही आणलं नव्हतं. आता मला रडू आलं. आईंनी माझा हात धरला, पण त्यांची नजर वरच होती.

"राहू द्यायचं का, आई? साहेबांशी बोलते मी. पंधरवडाभर."

"नको. उद्या कुणी ओळखीचं भेटेल, मग त्याच्यासमोर मला खरं सांगावं लागेल." त्यांनी माझा हात हलकेच दाबला. "काढायला सांग."

मी उठून शिडीजवळ गेले. वरच्या माणसाने नेहमीप्रमाणे वरच्या दोऱ्या हातात घेतल्या होत्या. मी त्याला खालून गुंडाळत जाता येईल का असं विचारलं. त्याने तोंड वाकडं केलं, उलटं काम पडतं म्हणाला, पण खाली उतरला.

आधी फोन नंबर गेला, मग रुग्णालयाचं नाव. मग 'तुम्ही?' आणि 'मी वेळेवर आलो' गुंडाळीत शिरले. आता वर नुसता तोच राहिला, काहीही न विकणारा. शिडीवरच्याने खाली आमच्याकडे बघितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने हात थांबवले.

"थांबू का थोडं, आजी?"

"नको रे बाबा," आई बाकाच्या पाठीला धरून उभ्या राहत म्हणाल्या, "तुला घरी जायला उशीर होईल."

गुंडाळी हनुवटीपर्यंत गेली, मग हसण्यावरून, मग भुवईवरून. ती खाली उतरवून, बांधून, टेम्पोत चढवेपर्यंत आई तशाच उभ्या होत्या. लोखंडी सांगाड्याच्या मागे आता एक इमारत दिसायला लागली होती. तिच्या एका खिडकीत कुणीतरी धुतलेले कपडे झटकून वाळत घालत होतं.